मेंदूंतील जंताचे कोष आणि रक्ताची तपासणी

गोठ्यांत बैलाला लाळ्या-खुरकूत झाली, तर शेतकरी त्याच दिवशीं गुरांच्या दवाखान्याची वाट धरितो. परंतु घरांतील कर्त्या मुलाला फेफरें आलें, तर पहिले कित्येक दिवस कांदा हुंगविण्यांत, जोडा नाकाशीं धरण्यांत आणि गंडादोरा बांधण्यांत जातात. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांतून हा प्रकार आम्हीं वारंवार पाहिला आहे. अलीकडे त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. रोग्याला तालुक्याच्या गांवीं नेलें, कोणी रक्त तपासून घेतलें आणि कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उमटला, म्हणजे ‘डोक्यांत जंत झाला’ म्हणून घरचीं माणसें हबकून जातात. उलट ‘निगेटिव्ह’ हा शब्द आला, म्हणजे रोग नाहीं असें समजून चालू औषधही बंद करितात. या दोन्ही समजुती घातक आहेत. रक्ताची तपासणी म्हणजे काय, ती कोणत्या प्रश्नाचें उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचें देत नाहीं, हें शेतकरी बंधूंस नीट कळावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आम्ही वैद्य नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेलों आहों. परंतु कागदावरील नोंद आणि प्रत्यक्ष स्थिति यांत किती अंतर पडूं शकतें, हें पाहण्यांत आमचा जन्म गेला. आणि या विषयाचें मर्म नेमकें तेथेंच आहे.

१. रोगाचें मूळ

ज्या कृमीपासून हा रोग होतो त्याला शास्त्रांत टीनिया सोलियम असें नांव आहे. आपण त्यास डुकराचा फीतकृमि म्हणूं. हा चपटा, पांढरा व फितीसारखा असून मनुष्याच्या लहान आंतड्यांत राहतो. त्याची लांबी सामान्यतः २ ते ७ मीटर असते. त्याचें शरीर सुमारें एक हजार पेरांचें बनलेलें असतें, आणि शेवटाकडील पिकलेल्या एकेका पेरांत सुमारें ५० हजार अंडीं असतात. हीं पेरें व अंडीं शौचावाटे बाहेर पडतात. ज्याच्या पोटांत हा कृमि असतो त्या मनुष्याला पुष्कळदां कसलाच त्रास होत नाहीं, म्हणून तो औषधही घेत नाहीं.

उघड्यावर पडलेली अशी विष्ठा डुकरानें खाल्ली, म्हणजे अंड्यांतून निघालेले सूक्ष्म जीव त्याच्या आंतड्याची भिंत भेदून रक्तांत शिरतात, आणि मांसांत जाऊन भिजविलेल्या साबुदाण्यासारखे पाण्यानें भरलेले कोष करून राहतात. तें मांस कच्चें किंवा अर्धवट शिजलेलें खाणाऱ्या मनुष्याच्या आंतड्यांत त्या कोषांतून पुन्हां फीतकृमि वाढतो. जर्मनींतील कुखेनमाइस्टर नांवाच्या वैद्यानें १८५५ सालीं देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याला असे कोष अन्नांतून देऊन, त्याच्या मृत्यूनंतर आंतड्यांत कोंवळे फीतकृमि दाखविले व ही गोष्ट सिद्ध केली. आज असा प्रयोग कोणी करूं धजणार नाहीं. परंतु फेऱ्याचा हा अर्धा भाग त्या वेळेपासून निर्विवाद झाला.

आतां पुढील वाक्य वाचकांनीं दोनदां वाचावें. डुकराचें मांस खाल्ल्यानें आंतड्यांत कृमि होतो. मेंदूंत कोष होतो तो मांसानें नव्हे, तर कृमीचीं अंडीं पोटांत गेल्यानें होतो. तीं अंडीं न धुतलेल्या हातांवरून, घाण पाण्यांतून, अथवा मळ्यांतून आलेल्या कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांवरून पोटांत जातात. म्हणून गळ्यांत तुळशीची माळ असलेल्या व जन्मांत मांसाला न शिवलेल्या मनुष्यालाही हा रोग होतो. ‘आमच्या घरांत हें खात नाहींत, तेव्हां हा रोग आम्हांला कसा होईल?’ असें म्हणून डॉक्टरांशीं वाद घालणें व्यर्थ आहे. तसेंच ज्या घरांत एका माणसाच्या पोटांत फीतकृमि आहे, त्या घरच्या माणसांना सर्वांत अधिक धोका असतो. कारण स्वयंपाक करणारे व वाढणारे हात तेच असतात.

यांत डुकराला किंवा डुकरें पाळणाऱ्याला दोष देण्याचें कारण नाहीं. डुक्कर हें बिचारें मधलें बिऱ्हाड आहे. अंडीं टाकणारा प्राणी एकच, आणि तो मनुष्य.

२. कोष मेंदूंत गेल्यावर काय होतें

मनुष्याच्या पोटांत गेलेल्या अंड्यांतील जीवही रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत व मेंदूंत जाऊन कोष करितात. कोष जिवंत असतो तोंवर तो पुष्कळदां गुपचूप राहतो. शरीराची शत्रूशीं लढणारी जी शक्ति आहे तिला तो फसवून असतो. पुढें केव्हां तरी तो मरूं लागला, म्हणजे त्याच्याभोंवतीं सूज येते. ती सूज मेंदूला चिडविते व फेफरें येतें. शेवटीं कित्येक कोष सुकून खड्यासारखे कठीण होतात. त्या खड्यांमुळेंही पुढें फेफरें येऊं शकतें.

अंडें पोटांत जाणें आणि फेफरें येणें यांत किती काळ जातो, याचा चांगला पुरावा ब्रिटिश फौजेकडून मिळाला. हिंदुस्थानांत नोकरी करून परत गेलेल्या गोऱ्या शिपायांना विलायतेंत फेफरें येऊं लागलें. मॅकआर्थर नांवाच्या फौजी वैद्यानें १९३० नंतरच्या दशकांत या प्रकाराकडे लक्ष वेधलें, आणि १९६१ सालीं डिक्सन व लिप्स्कोम यांनीं अशा ४५० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पुष्कळांना कांहीं वर्षांनीं, तर कांहींना तब्बल ३० वर्षांपर्यंत उशिरानें त्रास सुरू झाला होता. सबब, ‘गेल्या महिन्यांत काय खाल्लें’ हें आठवून या रोगाचें मूळ सांपडत नाहीं.

हा रोग विरळा नाहीं. जगांत २५ लाखांहून अधिक, कदाचित् ८३ लाखांपर्यंत लोकांच्या मेंदूंत असे कोष असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तमिळनाडूंतील वेल्लोर भागांत केलेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, फेफऱ्याच्या चालू रोग्यांपैकीं सुमारें एकतृतीयांशांच्या रोगाचें मूळ या कोषांत आढळलें. म्हणजे ज्यास आपण बाहेरची बाधा किंवा पूर्वजन्मींचें पाप समजतों, त्यांतील पुष्कळ भाग हातावरील मळाचा व भाजीवरील घाणीचा आहे.

३. रक्ताची परीक्षा कशी चालते

शरीरांत परका जीव शिरला, म्हणजे त्याला ओळखून धरणारे विशिष्ट पदार्थ रक्तांत तयार होतात. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. प्रत्येक प्रकारच्या शत्रूसाठीं प्रतिपिंडें निराळीं असतात. रक्तांत या कृमीविरुद्ध प्रतिपिंडें आहेत काय, हें पाहणें ही पहिल्या प्रकारची परीक्षा होय.

तिची सर्वत्र चालणारी रीत म्हणजे एलायझा. ही रीत स्वीडनमधील एंगवाल व पर्लमान यांनीं १९७१ सालीं पुढें आणली. प्लास्टिकच्या पाटीला लहान लहान खळगे असतात. खळग्याच्या तळाशीं कृमीच्या कोषाचा अर्क बसवितात व त्यावर रोग्याच्या रक्ताचें पाणी ओततात. त्यांत प्रतिपिंडें असलीं तर तीं अर्काला चिकटून बसतात, नसलीं तर धुण्यांत वाहून जातात. नंतर चिकटलेल्या प्रतिपिंडांना धरणारा व रंग आणणारा पदार्थ घालतात. रंग आला तर पॉझिटिव्ह, न आला तर निगेटिव्ह.

यांत अडचण अशी कीं, कोषाचा कच्चा अर्क हें मिसळीचें धान्य असतें. त्यांतील कांहीं पदार्थ दुसऱ्या कृमींच्या अंगींही असतात. कुत्र्यापासून होणाऱ्या जलकोषाच्या रोग्याचें किंवा मुलांच्या पोटांतील बुटक्या फीतकृमीचें रक्तही या अर्काला चिकटून रंग आणूं शकतें. एकाच नांवाचे दोन खातेदार शेजारच्या दोन गांवीं असावेत, आणि नोटीस एकाची असतां दुसऱ्याच्या दारीं जावी, तसा हा प्रकार होतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेंतील अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रांत त्सांग व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं दुसरी रीत प्रसिद्ध केली. तिला ईआयटीबी म्हणतात. मळणी झालेलें धान्य आपण जसें निरनिराळ्या चाळण्यांनीं चाळून दाण्याच्या आकाराप्रमाणें वेगळें करितों, त्याप्रमाणें या रींतींत कोषांतून निवडून शुद्ध केलेले पदार्थ वजनाप्रमाणें वेगळे करून एका पट्टीवर ओळीनें उतरवितात. त्या पट्टीवर रोग्याच्या रक्ताचें पाणी सोडलें, म्हणजे कोणकोणत्या ठिकाणीं रेघ उमटते तें दिसतें. या कृमीच्या खुणेच्या अशा सात रेघा ठरल्या आहेत. त्यामुळें दुसऱ्या कृमीशीं घोटाळा होण्याचा संभव फार कमी झाला. शिवाय ही परीक्षा पाठीच्या कण्यांतील पाण्यापेक्षां साध्या रक्तावरही तितकीच चांगली चालते, त्यामुळें केवळ या परीक्षेपुरती पाठींत सुई टोचून घेण्याची गरज बहुधा पडत नाहीं.

अमेरिकेंतील संसर्गजन्य रोगांच्या व उष्ण प्रदेशांतील रोगांच्या वैद्यांच्या दोन संस्थांनीं २०१८ सालीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत खात्री करण्यासाठीं ईआयटीबी वापरावी आणि कच्च्या अर्काची एलायझा वापरूं नये असें स्पष्ट म्हटलें आहे. तथापि आपल्याकडे स्वस्त व सुलभ म्हणून साधी एलायझाच अधिक वेळां केली जाते. सबब कागद हातीं आल्यावर ‘ही परीक्षा कोणत्या रीतीची?’ हा प्रश्न शेतकऱ्यानें जरूर विचारावा.

४. उताऱ्यावरील नांव आणि शेतांतील माणूस

रीत चांगली असली, तरी तिला दोन मर्यादा आहेत. त्या समजण्यास सातबाराचा दाखला पुरेसा आहे.

पहिली मर्यादा : खातेदार मरून दहा वर्षें झालीं, परंतु वारसाचा फेरफार झाला नाहीं, तर उताऱ्यावर मयताचेंच नांव चालत राहतें. प्रतिपिंडांचें तसेंच आहे. कोष मेल्यावरही तीं रक्तांत दीर्घ काळ, कित्येकदां वर्षानुवर्षें राहतात. शिवाय अंडीं पोटांत गेलीं, शरीरानें त्यांचा नाश केला, मेंदूंत कांहींच गेलें नाहीं, तरीही नोंद होते. वेल्लोरकडील एका वस्तींत सर्वसाधारण लोकांचें रक्त तपासलें, तेव्हां दर शंभरांत सुमारें पंधरा जणांच्या रक्तांत अशीं प्रतिपिंडें सांपडलीं. त्या सर्वांच्या मेंदूंत कोष होता असें नव्हे. तात्पर्य, पॉझिटिव्ह याचा अर्थ ‘या कृमीशीं केव्हां तरी गांठ पडली होती’ एवढाच. ‘आज मेंदूंत जिवंत कोष आहे’ असा नव्हे.

दुसरी मर्यादा : एखादा मनुष्य वीस वर्षें जमीन कसतो, पण उताऱ्यावर त्याचें नांवच नसतें. मेंदूंत एकच लहान कोष असला, तर तो रक्तांत ओळख पटण्याइतकी खूण कित्येकदां उमटवीत नाहीं. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत असें दिसलें कीं, ज्यांच्या मेंदूंत दोन अथवा अधिक कोष होते त्यांपैकीं शंभरांत ९४ जणांना ईआयटीबीनें ओळखलें. पण ज्यांना एकच कोष होता त्यांपैकीं शंभरांत केवळ २८ जणांना ओळखलें. म्हणजे एक कोष असलेल्या शंभर रोग्यांपैकीं ७२ जणांच्या हातीं ‘निगेटिव्ह’ असा कागद पडला. आपल्या देशांत फेफऱ्याच्या रोग्यांत एकच लहान कोष असणें ही गोष्ट फार आढळते. म्हणून आपल्याकडे ‘निगेटिव्ह’ या शब्दावर विसंबणें विशेष धोक्याचें आहे.

आतां थोडें गणित पाहूं. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. समजा, एका गांवांत १,००० माणसें असून त्यांपैकीं १० जणांच्या मेंदूंत कोष आहेत. परीक्षा अशी कीं, ती दहा रोग्यांपैकीं ९ जणांना ओळखते; आणि निरोगी शंभरांपैकीं १० जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरविते. सरसकट सर्व गांवाचें रक्त तपासलें, तर १० रोग्यांपैकीं ९ सांपडतील आणि ९९० निरोग्यांपैकीं ९९ जणांवर नाहक शिक्का बसेल. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे ९. म्हणजे बारांत एक. परीक्षा तीच, पण ती कोणावर केली यावर तिची किंमत ठरते. ज्याला फेफरें येतें आणि ज्याच्या मेंदूच्या चित्रांत डाग दिसतो, त्याच्यावर केली तर ती उपयोगी. धडधाकट माणसानें हौसेनें करून घेतली तर ती निष्कारण काळजी विकत घेण्यासारखी आहे.

५. आज ताबा कोणाचा, हें पाहणारी परीक्षा

प्रतिपिंडांऐवजीं खुद्द जिवंत कोषांतून रक्तांत पाझरणारा पदार्थ शोधण्याचीही एक परीक्षा आहे. तिला अँटिजेनची परीक्षा म्हणतात. बेल्जममधील अँटवर्प येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेंत तयार झालेलीं प्रतिपिंडें तींत वापरतात. ही परीक्षा जुन्या नोंदीपेक्षां आजच्या वहिवाटीसारखी आहे. जिवंत कोष पुष्कळ असले तर ती चांगली लागते. औषधानें कोष मेले, म्हणजे ती हळूहळू निगेटिव्ह होते. यामुळें उपचाराचा गुण पाहण्यास तिचा उपयोग होतो. परंतु कोष एकच असेल, किंवा मेलेला व सुकलेला असेल, तर हीही परीक्षा बहुधा मुकी राहते.

६. प्रत्यक्ष पंचनामा

नोंदींत वाद पडला, म्हणजे शेतावर जाऊन पंचनामा करावा लागतो. मेंदूचा पंचनामा म्हणजे सीटी स्कॅन व एमआरआय. सीटीचें पहिलें यंत्र इंग्लंडांत हाउन्सफील्ड यांनीं तयार केलें व १९७१ सालीं तें प्रथम रोग्यावर चाललें. त्याबद्दल १९७९ सालीं त्यांना कॉरमॅक यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. सुकून कठीण झालेले कोष सीटींत चांगले दिसतात. बारीक व अडचणीच्या जागीं असलेले जिवंत कोष एमआरआयमध्यें अधिक चांगले दिसतात.

पण चित्राचाही अर्थ लावावा लागतो, याचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें. सीटी यंत्रें आल्यावर फेफऱ्याच्या पुष्कळ हिंदी रोग्यांच्या मेंदूंत एक लहान वाटोळा डाग दिसूं लागला. क्षयाचा प्रादुर्भाव आपल्याकडे मोठा, म्हणून तो क्षयाची गांठ समजून कित्येकांना महिनोन् महिने क्षयाचीं औषधें देण्यांत आलीं. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील चांडी, राजशेखर प्रभृति शल्यवैद्यांनीं असे डाग काढून तपासले, आणि त्यांत मरत असलेल्या कोषाचे अवशेष दाखवून १९८९ सालीं तें प्रसिद्ध केलें. यांतील पुष्कळ डाग आपोआप नाहींसे होतात, हेंही पुढें कळून आलें. सबब डाग दिसल्याबरोबर क्षय किंवा कर्करोग समजून घाबरूं नये. आणि क्षय नाहीं असेंही आपल्या मनानें ठरवूं नये. तो निर्णय मेंदूच्या तज्ज्ञानें चित्र, लक्षणें व रक्त हीं तिन्ही एकत्र पाहून करावयाचा असतो.

७. अर्धवट निर्णयावर औषध घेण्याचा धोका

कृमिनाशक गोळी औषधाच्या दुकानांत सहज मिळते. शाळेंतही मुलांना जंतांसाठीं ती देतात. म्हणून कित्येकांना वाटतें कीं, रक्तांत दोष निघाला ना, मग जास्त गोळ्या घेऊन टाकाव्या. हें अत्यंत घातक आहे. औषधानें जिवंत कोष एकदम मरूं लागले, म्हणजे भोंवतालची सूज वाढते. कोष पुष्कळ असल्यास किंवा मेंदूंत आधींच सूज असल्यास प्राणावर बेततें. डोळ्यांत कोष असल्यास दृष्टि जाऊं शकते. म्हणून औषधापूर्वीं मेंदूचें चित्र व डोळ्यांची तपासणी अवश्य करितात, आणि सूज दाबणारें औषध आधीं सुरू करितात. ज्याचे कोष केवळ सुकलेले खडे आहेत त्याला कृमिनाशक औषधाचा उपयोगच नसतो. त्याला फेफऱ्याचें औषध पुरतें. फेफऱ्याचें औषध मात्र कोणीही आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये. तसें केल्यास पूर्वींपेक्षां मोठें व न थांबणारें फेफरें येण्याची भीति असते.

८. शेतकऱ्यानें काय करावें

आतां व्यवहाराच्या गोष्टी क्रमानें सांगतों.

(अ) घरांत कोणास प्रथमच फेफरें आलें, तर त्याला कुशीवर वळवावें, तोंडांत चमचा घालूं नये, पाणी पाजूं नये. पांच मिनिटांत न थांबल्यास लागलीच दवाखान्यांत न्यावें. थांबलें तरी पुढें तज्ज्ञाकडे नेणें टाळूं नये. नांदेडला विष्णुपुरी येथें आणि लातूर शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. जवळच्या शासकीय रुग्णालयांतून चिठ्ठी घेऊन तेथें जावें.

(आ) फेफरें आटोक्यांत येईपर्यंत त्या माणसाला विहिरींत उतरवूं नये, ट्रॅक्टर चालवूं देऊं नये, मळणी यंत्र व कडबाकुट्टीपाशीं उभें करूं नये, रात्रीं एकट्याला पाणी देण्यास पाठवूं नये. रोगानें नव्हे, तर विहिरीनें व यंत्रानें माणसें जातात.

(इ) कागदांची एक पिशवी करावी. चित्राची फिल्म, रक्ताचा कागद, औषधाची चिठ्ठी तारीखवार लावावी. प्रत्येक नवीन डॉक्टरापुढें ती ठेवावी. तीन प्रश्न विचारावे : परीक्षा कोणत्या रीतीची? चित्रांत कोष किती व कोणत्या अवस्थेंत? डोळे तपासले काय?

(ई) एकाच्या मेंदूंत कोष निघाला, तर घरांतील सर्वांच्या शौचाची तपासणी करवून घ्यावी. एका नमुन्यांत अंडीं सांपडतीलच असें नाहीं. निरनिराळ्या दिवशींचे नमुने द्यावे. गाईबैलांच्या मांसावाटे येणाऱ्या फीतकृमीचीं अंडीं सूक्ष्मदर्शकाखालीं अगदीं अशींच दिसतात. त्यांपासून मेंदूंत कोष होत नाहीं, परंतु फरक ठरविणें हें डॉक्टरांचें काम आहे. ज्याच्या पोटांत कृमि सांपडेल त्याला डॉक्टरांकडून औषध द्यावें. त्याला वाळीत टाकूं नये. त्याला बरें करणें म्हणजे घराचें रक्षण करणें होय.

(उ) ज्यांचे मळे शहराच्या नाल्यालगत आहेत, त्यांनीं कच्च्या खाण्याच्या भाज्यांना गटाराचें पाणी देऊं नये. ताजें सोनखत भाजीच्या वाफ्यांत घालूं नये. अंडीं ओल्या मातींत महिनोन् महिने टिकतात. शौचालयाच्या दोन खड्ड्यांपैकीं भरलेला खड्डा पुरेसा काळ बंद ठेवून, पूर्ण कुजून कोरडा झाल्यावरच उपसावा. भाजी विकणाऱ्याच्या मुलाबाळांनीं खाल्ली नसती अशी भाजी बाजारांत पाठवूं नये, हा साधा धर्म आहे.

(ऊ) घरांत भाजी वाहत्या किंवा दोनतीनदां बदललेल्या स्वच्छ पाण्यांत धुवावी. शंका असल्यास शिजवूनच खावी. पाण्यांत टाकावयाच्या औषधानें हीं अंडीं खात्रीनें मरत नाहींत, उकळण्यानें मरतात. आमच्या भागांत पाण्याची ओढ केवढी असते, हें एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें तेव्हां सर्व देशानें पाहिलें. टंचाईच्या दिवसांत पहिली काटकसर हात धुण्यावर येते. ती तेथें करूं नये. शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्यास लागणारा तांब्याभर पाणी हा खर्चांतील शेवटचा आंकडा असावा जो कापावयाचा.

(ए) २०१८ सालीं महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. घोषणा कागदावर असते, विष्ठा जमिनीवर असते. शौचालयांत कडबा व खतांचीं पोतीं भरून माणसें नाल्याकडे जात असतील, तर कृमीचा फेरा चालूच राहतो. ग्रामपंचायतीनें याकडे लक्ष द्यावें.

(ऐ) डुकरें मोकाट न सोडतां कुंपणांत पाळावीं. त्यांच्या कोषरोगावर लसही निघाली आहे. ऑस्ट्रेलियांतील लाइटोलर्स यांच्या संशोधनावरून निघालेली ही लस आपल्या शेजारच्या हैदराबादेंतील इंडियन इम्युनॉलॉजिकल्स हा कारखाना तयार करितो. लसीबरोबर डुकरांना कृमिनाशक औषध दिल्यास अधिक गुण येतो. याविषयीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत, किंवा उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारावें. मांस खाणाऱ्यांनीं तें आंतपर्यंत पूर्ण शिजवून खावें. साबुदाण्यासारखे दाणे दिसलेलें मांस घेऊं नये.

उपसंहार

रक्ताची तपासणी ही उत्तम साक्षीदार आहे. पण ती न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराचें म्हणणें ऐकावें, पंचनामा पाहावा, आणि मगच निकाल द्यावा, हीच जुनी रीत येथेंही चालते. पॉझिटिव्ह कागद पाहून घरांतील मुलीचें लग्न मोडणें किंवा मुलाला कामांतून बाद करणें हा अन्याय आहे. निगेटिव्ह कागद पाहून औषध सोडणें हा अविचार आहे. फेफऱ्याचे बहुतेक रोगी नियमित औषधानें शेती करितात, संसार करितात व चारचौघांसारखे जगतात. आणि ज्या रोगाचें मूळ मनुष्याच्याच हातांत आहे, तो रोग मनुष्याच्याच हातांनीं आटोक्यांत येण्यासारखा आहे, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. इत्यलम्.